आर्त आणि आरोळी

शाळेतल्या माझ्या कपाटाच्या खालच्या खणात जप्त केलेल्या वस्तूंचा एक पत्र्याचा डबा आहे. भोवरे, पत्त्यांचे दोन अपुरे जोड, क्रिकेटपटूंची चित्रे, एक बंद पडलेले घड्याळ आणि एक कॉम्पॅक्ट डिस्क. डिस्कवर निळ्या शाईने इंग्रजीत एकच शब्द हाताने लिहिलेला आहे : अंडरओथ. २००७ च्या जानेवारीत दहावीतल्या एका मुलाच्या दप्तरातून ती मी काढून घेतली होती. तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो. मराठी शिकवत होतो आणि त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो.

मुलगा ख्रिस्ती घरातला. वडील आदल्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या अपघातात गेलेले. गळा गोड, नाताळात चर्चमध्ये गायचा, शाळेच्या स्नेहसंमेलनातही गायचा. वडील गेल्यापासून मात्र सकाळच्या प्रार्थनेला ओठ मिटून उभा राहू लागला. ही डिस्क त्याला गोव्यातल्या मावसभावाने करून दिली होती. आमच्या संगणकाच्या खोलीत मी ती लावून पाहिली. अर्धे मिनिट ऐकली असेन नसेन. कोणीतरी घसा फुटेस्तोवर ओरडत होते आणि मागे पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा आवाज चालला होता. मी ती बंद केली आणि त्याला म्हणालो, "अरे, आधीच मन दुखावलेलं आहे, त्यात हे असलं कशाला ऐकतोस? जरा चांगलं काही ऐकावं." तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ही देवाचीच गाणी आहेत." मला वाटले, पोरगा थाप मारतो आहे. डिस्क डब्यात गेली.

गेल्या वर्षी हा विद्यार्थी शाळेत भेटायला आला. आता पस्तिशीच्या जवळ आलेला, पुण्याला नोकरी करणारा, लेकराबाळांचा बाप. बोलता बोलता मी डबा उघडला आणि त्याची ठेव त्याच्यापुढे ठेवली. तो हसला. "आता हे वाजवायला माझ्याकडे यंत्रच नाही, सर," म्हणाला आणि खिशातल्या फोनवर तेच संगीत लावून माझ्यासमोर ठेवले. या वेळी मी अर्ध्या मिनिटात बंद केले नाही. पुढे गाण्यांचे शब्द मिळवून, ते समोर ठेवून, काही महिने ही ध्वनिमुद्रिका मी पुन्हा पुन्हा ऐकली. सतरा वर्षांपूर्वी तो मुलगा खोटे बोलला होता का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. पाश्चात्त्य संगीताचा माझा अभ्यास नाही. कुमार गंधर्वांचे सुळेभावी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाड तासा-दीड तासाच्या वाटेवर. माझा कान त्या मुलखात घडलेला आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका मराठीच्या मास्तराने लिहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

* * *

'अंडरओथ' या शब्दाचा अर्थ 'शपथेवर'. न्यायालयात साक्षीदार उभा राहतो तो शपथेवर. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात काही तरुण ख्रिस्ती मुलांनी या नावाचा रॉक बँड सुरू केला. त्यांनी जे संगीत निवडले त्याला 'मेटलकोअर' म्हणतात. विद्युत गिटारींचा जाड, खरखरीत केलेला ध्वनी, ड्रमची प्रचंड गती, मध्येच सारे एकदम संथ आणि वजनदार होऊन कोसळणे, आणि गायकाने स्वर लावण्याऐवजी घशातून ओरडणे, ही त्याची ढोबळ लक्षणे.

आता ख्रिस्ती भक्ती आणि रॉक यांची सांगड मुळातच वादाची आहे. लॅरी नॉर्मन या गायकाची १९६९ मधली 'अपॉन धिस रॉक' ही ख्रिस्ती रॉकची पहिली ध्वनिमुद्रिका मानली जाते. तेव्हापासून अमेरिकेतल्या कर्मठ धर्मोपदेशकांनी या प्रकाराला सैतानाचे संगीत म्हणून झोडपले. १९८६ मध्ये 'स्ट्रायपर' या बँडने 'टू हेल विथ द डेव्हिल' काढली. हे लोक भर कार्यक्रमात श्रोत्यांमध्ये बायबलच्या प्रती फेकत. उपदेशकांना ते रुचले नाही आणि नुसत्या रॉकच्या रसिकांनाही त्यात प्रचाराचा वास आला. १९९३ मध्ये 'टूथ अँड नेल' ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली आणि तिच्या 'सॉलिड स्टेट' या शाखेने असे जड, कर्कश संगीत करणाऱ्या ख्रिस्ती मुलांना आसरा दिला. अंडरओथ नावारूपाला आला तो याच आसऱ्याखाली.

भांडे परक्याचे आणि त्यातले पाणी आपले, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली आणि १६१६ मध्ये रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. पुराणे ऐकून वाढलेल्या नवख्रिस्ती माणसांना त्यांच्याच घाटात नवी कथा हवी होती. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली भजने बाजूला सारून अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. घाट बदलला म्हणून भक्ती बाटली, असे आज कोणी म्हणणार नाही. तेव्हा ओरडण्याचा घाट घेतला एवढ्यावरून अंडरओथला देवळाबाहेर काढता येत नाही. पाहायचे ते एवढेच, की त्या घाटात काय ओतले आहे.

* * *

या बँडचा आरंभही कर्कशच होता. १९९९ आणि २००० मधल्या त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका रानटीच म्हणाव्यात अशा आहेत. परंतु त्यांना खरे यश मिळाले ते २००४ च्या 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी' या ध्वनिमुद्रिकेने. तोवर बँडमध्ये दोन गळे स्थिर झाले होते. एक नवा आलेला स्पेन्सर चेंबरलेन, हा ओरडणारा. दुसरा ड्रमवादक ॲरन गिलेस्पी, हा ड्रम वाजवता वाजवता स्वच्छ, गोड, उंच आवाजात गाणारा. २००४ च्या गाण्यांची बांधणी साधी आहे. चेंबरलेन ओरडतो, आणि मग गिलेस्पीचे गोड ध्रुपद येऊन त्या ओरडण्यावर मलम लावते. प्रश्न आणि उत्तर. जखम आणि पट्टी. ध्रुपद तोंडात बसणारे, त्यामुळे मुले सभागृहात एका सुरात गात. ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पाच लाखांच्या वर खपली.

असे यश मिळाल्यावर शहाणा माणूस तीच वस्तू पुन्हा तयार करतो. या मुलांनी तसे केले नाही. २० जून २००६ रोजी 'डिफाइन द ग्रेट लाइन' बाहेर आली. निर्मिती ॲडम दुत्किएविच आणि मॅट गोल्डमन यांची. ती आधीच्यापेक्षा कितीतरी जड, काळोखी आणि बिकट होती. तरीही पहिल्याच आठवड्यात सुमारे ९८ हजार प्रती खपल्या आणि अमेरिकेतल्या सर्व प्रकारच्या संगीताच्या 'बिलबोर्ड' यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर चढली. माझ्या डब्यातली डिस्क ती हीच.

शीर्षकाचा अर्थ 'ती मोठी रेषा नेमकी आखून दाखव' असा काहीसा होतो. रेषा म्हटली की आम्हा सीमाभागातल्या माणसांचे कान टवकारतात. १९५६ मध्ये कोणीतरी नकाशावर रेषा आखली आणि आमच्या तीन पिढ्या तिच्यापाशी बसून राहिल्या. रेषा आखणाऱ्याला जी स्पष्ट दिसते ती तिच्यावर राहणाऱ्याला दिसत नाही, हा आमचा रोजचा अनुभव. ही अकरा गाणीही अशा रेषेवर राहणाऱ्याची आहेत. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला तिचा अभाव. आणि गाणारा विचारतो आहे, की मी नेमका कोणत्या बाजूला उभा आहे?

* * *

प्रथम ऐकताना कानाला जाणवतो तो फरक गोड आवाजाचा. गिलेस्पी इथे आहे, पण त्याचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे काम बदलले आहे. २००४ मध्ये तो उत्तर देत असे. इथे तोही प्रश्नच विचारतो. चेंबरलेन ओरडून जे मागतो तेच गिलेस्पी गाऊन मागतो. जखमेवर पट्टी बांधणारा निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा जखमी येऊन बसला, अशी ही रचना आहे. गोड ध्रुपदाची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला ते मिळत नाही. मिळालेच तर अर्ध्यावर तुटते. ही गाणी काळोखी वाटतात त्याचे खरे कारण मला गिटारींच्या जाडीपेक्षा या नाकारलेल्या सांत्वनात सापडले.

गाण्यांची नुसती नावे वाचली तरी या वाटेचा अंदाज येतो. पहिले गाणे 'इन रिगार्ड्स टू मायसेल्फ', म्हणजे 'माझ्यासंबंधी'. आरंभच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून. पुढे 'देअर कुड बी नथिंग आफ्टर धिस', यानंतर काहीच नसू शकेल. ख्रिस्ती धर्माचा सारा आधार पुनरुत्थानावर आणि मरणानंतरच्या जीवनावर. त्या धर्माच्या मुलांनी असे नाव उघडपणे छापावे, ही लहान गोष्ट नव्हे. मग 'यू आर एव्हर सो इन्व्हायटिंग' हे मोहाला उद्देशून वाटणारे नाव. 'रिटर्निंग एम्प्टी हँडेड', रिकाम्या हाताने परतणे. 'मूव्हिंग फॉर द सेक ऑफ मोशन', केवळ हलत राहायचे म्हणून हलणे. 'रायटिंग ऑन द वॉल्स' या नावात दानीएलच्या पुस्तकातल्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीची आठवण आहे. तिथे भिंतीवर उमटलेली अक्षरे राजाचा निवाडा सांगतात. या गाण्याच्या चित्रफितीला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकनही मिळाले होते.

मधोमध 'साल्मार्निर' नावाचा एक तुकडा आहे. शब्द आइसलंडच्या भाषेतला, अर्थ 'स्तोत्रे'. आरडाओरड थांबते, वाद्ये धुक्यासारखी पसरतात. आपण बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या घराण्यातले आहोत, हे त्या मुलांनी ऐन मध्यावर स्वतः सांगून ठेवले आहे. पण सांगितले तेही परक्या भाषेच्या आडून, दबक्या आवाजात.

मला सर्वांत थोर वाटलेली रचना 'कास्टिंग सच अ थिन शॅडो'. सहा मिनिटांहून मोठी. बराच वेळ तिच्यात शब्द येतच नाहीत. गिटारी एकच आकृती घोळवत घोळवत हळूहळू वर चढतात, जणू कोणी जिना चढतो आहे आणि वर दार आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. शब्द येतात ते पार शेवटाकडे, आणि तोवर श्रोत्याला त्यांची भूक लागलेली असते. आलाप लांबवून बंदिशीची ओढ लावण्याची कला आमच्या कानाला परिचित आहे. या कर्णकटू संगीतात ती अशी भेटेल असे मला वाटले नव्हते.

शेवटचे गाणे 'टू हूम इट मे कन्सर्न'. अर्जाच्या वर आपण 'संबंधितांस' लिहितो तसे. सात मिनिटांचे, संथ, जड. इथे प्रथमच गाणाऱ्याचे तोंड बाहेर वळते. इतका वेळ स्वतःशी आणि देवाशी झगडणारा माणूस आता कोणा अनोळखी वाटसरूला धीर देतो, आणि पुरावा म्हणून स्वतःच्या वाटचालीचे व्रण दाखवतो. हे सांत्वन आहेच. पण ते दहा गाणी नाकारल्यानंतर आलेले आहे, आणि ते देणाऱ्याची जखम अजून ओली आहे. म्हणून ते खोटे वाटत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. कागदावर वाचले तर या गाण्यांतले पुष्कळसे शब्द साधारण आहेत. 'मी' आणि 'तू' यांची खैरात आहे. प्रतिमा बुडणे, जळणे, झोप, जाग यांच्या पलीकडे फारशा जात नाहीत. विशीतल्या मुलाच्या वहीत सापडावे असे हे काव्य आहे. शिवाय ओरडण्यामुळे शब्द कानाला कळतच नाहीत. छापील शब्द हाती घेतल्यावाचून श्रोता अर्थापर्यंत पोचत नाही. जे गाणे कागदाच्या मदतीवाचून समजत नाही ते गाणे म्हणून कोठेतरी उणे आहे, हे मत मी बदललेले नाही. सलग ऐकताना तीन-चार गाणी एकमेकांत मिसळतात तीही. पण एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याला मी हा शब्द न कळण्याचा आक्षेप सांगितला तेव्हा तो म्हणाला, "सर, बाबा गेले तेव्हा आई जे बोलत होती त्यातला एक शब्द तरी मला कुठे कळला होता?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

* * *

आता मूळ मुद्दा. काळोख हा श्रद्धेचा विरोधक आहे का?

चर्चमधली नवी उपासनागीते बहुतांशी आनंदाची आणि कृतज्ञतेची असतात. आपल्या शाळांच्या प्रार्थनाही तशाच. पण ज्या ग्रंथावर चर्च उभे आहे त्यात चित्र वेगळे आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवा, तू लपलास कोठे, किती काळ विसरणार, माझे शत्रू हसताहेत आणि तू गप्प का, असा त्यांचा भाव. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. त्याचा मूळ हिब्रूतला शेवटचा शब्दच काळोख असा आहे. ज्यांनी हा संग्रह पवित्र मानला त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर शेवटी देवाचा राग होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या शहाण्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. आणि बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश तर शुभवर्तमानानुसार क्रुसावरच्या येशूच्याच तोंडी आहे.

आम्हा मराठी माणसांना हे समजायला जड जाऊ नये. तुकोबांचे विठ्ठलाशी झालेले भांडण, त्याच्यावरचे आरोप, त्याच्या असण्याविषयीच घेतलेली शंका, जनाबाईने विठोबाला दिलेल्या शिव्या, हे सारे आपण एम.ए.ला अभ्यासले, वर्गात शिकवले आणि त्याला 'आर्त भक्ती' असे नावही दिले. वर्गात आर्त शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला समोरच्या बाकावरचे आर्त ओळखता आले नाही, ते केवळ त्याचा घाट परका होता म्हणून. तुकोबांनीही आरोळीच मारली होती. पण ती आम्हांपर्यंत तीन-साडेतीनशे वर्षांनी, टाळांच्या साथीत, गोड होऊन पोचली.

तेव्हा कसोटी मला अशी दिसते. गाणे उजळ आहे की काळोखी हे विचारू नये. ते कोणाला उद्देशून आहे, हे विचारावे. माणूस अंधारात बडबडतो ते वेगळे आणि अंधारात हाक मारतो ते वेगळे. हाकेला उत्तर येवो न येवो, हाक मारणाऱ्याने पलीकडे कोणीतरी आहे हे गृहीत धरलेले असते. 'डिफाइन द ग्रेट लाइन'मध्ये 'तू' आहे. कधी तो मोह आहे, कधी स्वतःच, कधी मित्र. पण पुष्कळदा, आणि ऐन कठीण जागी, तो देव आहे. या 'तू'मुळे ही ध्वनिमुद्रिका प्रार्थनेच्या जातीची ठरते. मुलगा खोटे बोलला नव्हता.

* * *

लेख इथे संपवता आला असता तर तो सुबक झाला असता. पण पुढचा इतिहास गाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ही ध्वनिमुद्रिका गाजत असतानाच, २००६ च्या उन्हाळ्यात, बँडने 'वॉर्प्ड टूर' हा मोठा फिरता महोत्सव अर्ध्यावर सोडला. आपण त्या काळात अमली पदार्थांच्या विळख्यात होतो, हे चेंबरलेनने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. म्हणजे ज्या काळोखाला काही समीक्षकांनी शैली म्हटले असेल, तो प्रत्यक्षात घरातला काळोख होता. २००८ मध्ये याच वाटेने आणखी पुढे जाणारी 'लॉस्ट इन द साउंड ऑफ सेपरेशन' आली. २०१० मध्ये गिलेस्पी बाहेर पडला. त्याने २०११ मध्ये 'अँथम साँग' ही निव्वळ उपासनागीतांची ध्वनिमुद्रिका काढली, तर त्याच्यावाचून उरलेल्या बँडने त्याआधीच, २०१० च्या अखेरीस, 'डिसअँबिग्युएशन' ही गोडव्याचा लवलेश नसलेली ध्वनिमुद्रिका काढली होती. दोन गळे अक्षरशः दोन दिशांना गेले : स्तुती एकीकडे, विलाप दुसरीकडे. एकमेकांवाचून दोघेही मला अपुरे वाटतात. २०१३ च्या जानेवारीत बँड विसर्जित झाला, २०१५ मध्ये गिलेस्पीसह पुन्हा जुळला, आणि २०१८ मध्ये 'इरेज मी' घेऊन आला तेव्हा या मंडळींनी स्पष्ट सांगितले, की यापुढे आम्हांला ख्रिस्ती बँड म्हणू नका. चेंबरलेनने तर आपण ख्रिस्ती राहिलो नाही असेच सांगितले. एका गाण्यातल्या शिवीवरून जुने चाहते दुखावले गेले. त्याच गाण्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

या इतिहासाचा अर्थ लावण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. धर्मोपदेशक म्हणेल, पाहा, आम्ही सांगत होतो. काळोखाशी खेळाल तर दिवा जाईल. नास्तिक म्हणेल, पाहा, २००६ चा आक्रोश म्हणजे श्रद्धेतून सुटण्याचीच पहिली धडपड होती. दोघेही ध्वनिमुद्रिका शेवटापासून आरंभाकडे वाचतात. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला ही पद्धत मान्य नाही. कवी पुढे कोठे पोचला यावरून त्याची आधीची कविता खरी की खोटी हे ठरत नाही. बँडचे नावच मला इथे उपयोगी पडते. साक्षीदाराने शपथेवर दिलेली साक्ष ही त्याने त्या वेळी पाहिलेल्या गोष्टीची असते. पुढे त्याचे मत बदलले म्हणून त्याने तेव्हा पाहिलेले न पाहिलेले होत नाही. २००६ मध्ये या मुलांनी हाक मारली होती. ती खरी होती.

पण यातूनच एक दुसरी, थोडी अवघड गोष्ट निघते आणि तीही मान्य केली पाहिजे. विलापाने श्रद्धा अधिक दृढ होते, सोने आगीत उजळते, असे एक समाधान मी या लेखाच्या शेवटी वाचकाला द्यायचे ठरवले होते. चेंबरलेनच्या आयुष्याने ते समाधान देऊ दिले नाही. विलाप हा श्रद्धेचा विमा नव्हे. हाक मारणारा एखादे दिवशी हाक मारायचा थांबूही शकतो. तरीसुद्धा ज्याला हाक मारायची आहे त्याला गप्प बसवण्याचा अधिकार त्यामुळे कोणाला, विशेषतः मास्तराला, मिळत नाही. मला तर शंका येते, की गोड ध्रुपदाची सक्ती केल्यानेच अधिक मुले मुकी होत असावीत.

निघताना मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, तू अजून चर्चला जातोस का? तो म्हणाला, "जातो, सर. कधी कधी नुसता बसून येतो." मी पुढे काही विचारले नाही. डिस्क त्याने नेली नाही. शाळेतच राहू द्या म्हणाला. मी ती डब्यातून काढून ग्रंथालयातल्या ध्वनिफितींच्या फडताळात, भजनांच्या कॅसेटींशेजारी ठेवली आहे. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात काय लिहायचे असे ग्रंथपालबाईंनी विचारले. मी सांगितले, स्तोत्रे.

सकाळच्या प्रार्थनेला ओठ मिटून उभे राहणारे एखाद-दुसरे मूल दरवर्षी असतेच. पूर्वी प्रार्थना झाल्यावर मी त्याला बोलावून दटावत असे. आता बोलावतो आणि घरी काय झाले आहे ते विचारतो.